पैसे कमी पडले तर कात्री कुठे लावायची?

पत्र, थोडक्यात: "मी इंदूरला सुदामा नगरात राहतो, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन पहिल्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी ६० हजार जमवले होते. त्यातले १५ हजार आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दिले. आता ४५ हजार उरलेत आणि त्यातच मॉनिटर, की-बोर्ड, माउस सगळं बसवायचंय. एका दुकानदाराने कोटेशन दिलंय: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० वॅटचा एसएमपीएस, लायटिंगचं कॅबिनेट आणि मॉनिटर, सगळं मिळून ४२ हजार. बिल नको असेल तर आणखी कमी करतो म्हणाला. मला व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचेत, पुढे मोठे गेमही. मित्र म्हणतात घेऊन टाक, बाबा म्हणतात एवढ्या पैशात लॅपटॉप घे. काय करू? आणि असेंबल मी स्वतः करू का?"

प्रिय मित्रा,

आजीचे डोळे आधी, हे तू अगदी बरोबर केलंस. राहिलेल्या ४५ हजारांत चांगलं मशीन उभं राहतं, फक्त ते एका दमात पुरं होणार नाही. बजेट आटलं की बहुतेक जण प्रत्येक भागातून थोडं थोडं कापतात आणि शेवटी हातात येतं ते सगळीकडूनच अशक्त मशीन. कात्री लावायचीच तर अशा भागाला लाव, जो वर्षभराने दहा मिनिटांत बदलता येतो. ज्याच्या जिवावर बाकी सगळं चालतं त्याला हात लावू नकोस. ग्राफिक कार्ड पुढच्या दिवाळीला आलं तरी चालतं. स्वस्तातला एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग) मात्र जाताना बरोबर काय काय घेऊन जाईल याचा नेम नसतो.

आता तुझं कोटेशन. ते मी दोनदा वाचलं, कारण त्यात एकाही भागाचं पूर्ण नाव नाही. "आय-सेव्हन" हे कुटुंबाचं नाव झालं, प्रोसेसरचं नव्हे. खरी ओळख डॅशनंतरच्या आकड्यात असते. आय७-२६०० म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. आय३-१२१०० म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालची. दोघांतही चार कोअर (काम करणारे गाभे) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत, तरी बारावीतला आय-थ्री त्या जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. कोटेशनवर "आय-सेव्हन" एवढंच लिहिलेलं असलं की आत बऱ्याचदा ऑफिसांतून निघालेला दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आणि त्याला एच६१ या जुन्या जातीचा मदरबोर्ड (सगळे भाग बसतात ती पाटी) असतो. त्या बोर्डावर आजच्या एनव्हीएमई एसएसडीसाठी (वेगवान साठवणुकीसाठी) स्लॉटही नसतो.

तुला तर तो आणखी एका कारणाने नकोच. विंडोज १० ची मोफत सपोर्टची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. जुगाड करून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवतात, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (खात्रीचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) दोन्ही चालू आहेत का ते तपासतं. नसतील तर गेम उघडणारच नाही. ज्या गेमसाठी मशीन घ्यायचं, तोच त्यावर चालणार नाही.

"४ जीबी ग्राफिक कार्ड" हे तर मला सगळ्यात जास्त खटकलं. जीबी म्हणजे कार्डावरची मेमरी किती, एवढंच. ती किती वेगाने वाहते आणि मधली चिप कोणती, हे त्यात येत नाही. या वर्णनाखाली सर्रास खपवलं जाणारं कार्ड म्हणजे जीटी ७३०. त्याची डीडीआर३ आणि ६४ बिटची आवृत्ती सेकंदाला १४.४ जीबी माहिती हलवते. मधल्या फळीतलं आरएक्स ६६०० सेकंदाला २२४ जीबी हलवतं. शिवाय जीटी ७३० आलं २०१४ साली आणि त्याच्या केपलर पिढीला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०२१ मध्ये थांबवलं. दुकानदाराने खोटं काही लिहिलेलं नसेल, कार्डावर ४ जीबी असतीलही. पण तुला हवी असलेली माहिती त्याने लिहिलेली नाही, आणि ती मागून घेणं तुझ्या हातात आहे.

बिलाबद्दल माझं मत ठाम आहे. कच्च्या बिलावर एक केबलही घेऊ नकोस. कॉम्प्युटरच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे तुझ्या ४५ हजारांत मालाची मूळ किंमत साधारण ३८,१०० च बसते. भाव विचारताना "जीएसटी धरून का?" हा प्रश्न पहिला. बिल न घेऊन जे काही वाचेल, ते वॉरंटीचा प्रसंग आला की एका झटक्यात जातं. एएमडीच्या खोक्यातल्या प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते. तोच प्रोसेसर "ट्रे" म्हणून सुटा घेतला तर बहुतेक वेळा दुकानदाराच्या शब्दावर विसंबावं लागतं. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये निदान तीन दुकानं फिर आणि सरळ सांग, "भिया, बिल पक्का चाहिए, सीरियल नंबर के साथ." हे ऐकून ज्याचा चेहरा बदलेल, तिथून पुढच्या दुकानात जा.

मग घ्यायचं काय? मी तुझ्या जागी असते तर या फेरीत ग्राफिक कार्ड घेतलंच नसतं. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घे. सहा कोअर, बारा थ्रेड आणि व्हेगा ग्राफिक्स आतच. तो जीटी ७३० सारख्या जुन्या कार्डापेक्षा कितीतरी दमदार आहे. व्हॅलोरंट कमी सेटिंगवर १०८०पी (फुल एचडी) मध्ये साध्या मॉनिटरला पुरून उरेल इतक्या फ्रेम देईल. जीटीए ५ नॉर्मल सेटिंगवर नीट खेळता येईल. सायबरपंकसारखे जड गेम ७२०पी वर कसेबसे चालतील, ते कार्ड येईपर्यंत बाजूला ठेव. आणि जीटीए ६ साठी आतापासून पैसे अडकवू नकोस, त्याची जाहीर झालेली तारीख कन्सोलची आहे.

एक अट मात्र आहे आणि ती तुला कुणी आपणहून सांगणार नाही. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुझ्या रॅममधूनच घेतं. त्यामुळे रॅम किती यापेक्षा रॅम कशी लावली, याला इथे जास्त महत्त्व आहे. ३२०० वेगाच्या एका डीडीआर४ रॅमच्या काडीतून सेकंदाला २५.६ जीबी जातात, दोन काड्यांतून ५१.२. म्हणून १६ जीबीची एक काडी घेऊ नकोस, ८-८ च्या दोन घे. "एक काडी घे, उद्या दुसरी टाकता येईल" हा सल्ला दुसऱ्या कुठल्या मशीनसाठी ठीक आहे, ५६००जी साठी नाही. एका काडीवर तोच प्रोसेसर गेममध्ये धापा टाकतो आणि लोक प्रोसेसरला दोष देतात.

रॅमचा भाव विचारलास की धक्का बसेल. २०२५ च्या शेवटापासून मेमरी महाग झाली आहे, कारण ती बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला आहे. म्हणूनच मी तुला डीडीआर५ या नव्या रॅमवर चालणाऱ्या एएमडीच्या एएम५ बोर्डाकडे नेत नाही, जरी पुढची वाट तिकडची असली तरी. नवी रॅम झेपली नाही तर जुनी डीडीआर४ घ्यायला हरकत नाही. रॅम सहसा झिजत नाही. घरी आणून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालव. एकही चूक दाखवली तर परत कर, आणि परत घेण्याचा शब्द आधीच घेऊन ठेव. जुना मॉनिटरही चालेल. जुना एसएमपीएस आणि जुनी एसएसडी मात्र अजिबात नको.

मदरबोर्ड बी५५० चा मिळाला तर उत्तम, नाहीतर चांगला बी४५०. बी४५० चा माल जुना असेल तर त्याची बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ५६००जी ओळखतेच असं नाही. दुकानातच अपडेट करून द्यायला सांग. चार रॅम स्लॉटचा बोर्ड दोन स्लॉटवाल्यापेक्षा थोडा महाग पडेल, पण उद्या आणखी दोन काड्या टाकायच्या झाल्या तर तो फरक वसूल होईल. एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई घे. दोन मोठे गेम टाकले की ती भरेल, पण दुसरी जोडणं पुढे कधीही सोपं आहे.

आता एसएमपीएस. इथे थोडा वेळ काढून वाच.

दुकानात डब्यावरचा ५०० हा आकडा बघू नकोस, एसएमपीएस हातात घेऊन त्याच्या अंगावरचा स्टिकर वाच. त्यावर एक तक्ता असतो: +३.३ व्होल्ट, +५ व्होल्ट, +१२ व्होल्ट आणि प्रत्येकाखाली अँपिअर. तुझा प्रोसेसर आणि उद्याचं कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर जगतात. १२ ला तिथल्या अँपिअरने गुण. स्वस्तातल्या "५०० वॅट"वर १२ व्होल्टखाली १६ अँपिअर लिहिलेले सापडतात. म्हणजे १९२ वॅट. बाकीचा आकडा कागदावरचाच. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ३६ च्या आसपास आकडा असतो, म्हणजे ४३२ वॅट. हा गुणाकार दुकानदारासमोर मोबाईलवर कर, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

८० प्लस ब्राँझचं चिन्ह असावं, पण ते वीज किती वाया जाते एवढंच सांगतं, संरक्षणाची हमी देत नाही. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा, निदान तीन वर्षं वॉरंटीचा, ४५० ते ५५० वॅटचा घे. पुढे आरएक्स ६६०० घेतलंस तर ते १३२ वॅट खातं आणि त्याला ८ पिनची एक वायर लागते. ती वायर या एसएमपीएसला आहे ना, एवढं आजच बघून घे, म्हणजे कार्डाच्या वेळी पुन्हा एसएमपीएसचा खर्च येणार नाही. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस त्याच दुकानात सोडून ये.

आणि घरचं अर्थिंग तपास. हे मी प्रत्येक इंदूरकराला सांगते, विशेषतः रामबाग, नारायण बाग भागातल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांना. भिंतीवर तीन भोकांचा सॉकेट असतो, पण वरच्या भोकामागे वायर असेलच असं नाही. अर्थिंग नसलं की लोखंडी कॅबिनेटला उघडा हात लागताच बारीक झिणझिण्या येतात. लोक त्याला कॉम्प्युटरचा दोष समजतात. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन बोलाव. फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नकोत. याचा खर्च बजेटमध्ये आधी धर, लायटिंगचा पंखा नंतर. यूपीएस जमला तर ६०० व्हीएचा पुरे. तो साधारण ३६० वॅट देतो. गेम चालू ठेवायला तो नसतोच, मशीन नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटं त्याने दिली तरी काम झालं.

कॅबिनेटचा पुढचा भाग जाळीचा असावा. समोर काच आणि आत रंगीत पंखे दिसायला छान, पण मे महिन्यात इंदूरचा पारा ४२-४३ वर जातो तेव्हा त्या काचेआड हवा फिरत नाही. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळतो. एक पंखा पुढून आत, एक मागून बाहेर, एवढ्यावर तुझं मशीन खूश राहील. जाळीतून धूळ येते, ती महिन्या-दोन महिन्यांनी ब्रशने झाड.

भाव दर आठवड्याला हलतात म्हणून रुपयांची यादी देत नाही, वाटणी सांगते. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून साधारण ४० टक्के. रॅम आणि एसएसडीला पाव हिस्सा, आजच्या भावात थोडा वरही जाईल. एसएमपीएसला दहावा हिस्सा, त्यात घासाघीस नको. उरलेल्यात कॅबिनेट, मॉनिटर, साधा की-बोर्ड आणि माउस. बेरीज ४५ च्या वर गेली तर आधी मॉनिटर गाळ. हॉलमधला टीव्ही एचडीएमआयने लागतो, किंवा जुना २२-२४ इंची १०८०पी मॉनिटर बघ. त्यानंतर कॅबिनेट साधं कर. एसएमपीएसचा नंबर मात्र लागूच देऊ नकोस.

बाबांच्या लॅपटॉपबद्दल. त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. रोज कॉलेजला न्यायचं असेल, टॅली आणि एक्सेल तिथेच करायचं असेल, तर लॅपटॉपच बरा. पण ४५ हजारांच्या नव्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड सहसा मिळत नाही आणि पुढे ते बसवताही येत नाही. टॅली, एक्सेल या कॉम्प्युटरवरही मस्त चालतील. बाबांना ही वाटणी कागदावर लिहून दाखव, त्यात एसएमपीएस आणि अर्थिंगची ओळ असू दे. काळजी कुठे घेतलीस हे त्यांना आकड्यांत दिसेल.

असेंबल तू स्वतःच कर. एक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, स्वच्छ टेबल आणि मोकळी दुपार एवढंच लागतं. आधी सगळं कॅबिनेटच्या बाहेर, मदरबोर्डच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर जोड. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर असतो. दोन्ही जुळव, लिव्हर वर कर आणि प्रोसेसर नुसता ठेव. तो आपल्या वजनाने बसतो. बोटाने दाबावंसं वाटलं की समज, काहीतरी वाकडं आहे. खालच्या पिना वाकल्या तर वॉरंटी मिळत नाही.

कूलरशी पहिल्यांदा जोडणारे हमखास अडतात. खोक्यात येणारा रेथ स्टेल्थ चार स्क्रूंवर बसतो, त्यासाठी बोर्डावरच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. त्या काढल्या की मागची लोखंडी प्लेट सुटून खाली पडते. म्हणून बोर्ड उचलू नकोस, खोक्यावरच राहू दे, म्हणजे प्लेट जागेवर राहील. पेस्ट कूलरला आधीच लावलेली असते, वेगळी नको. चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे फिरवत आवळ.

रॅमच्या दोन काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. टक्क असा आवाज येईपर्यंत दाब, इथे मात्र जोर लागतो. प्रोसेसरची वायर ४ अधिक ४ अशी फुटते, कार्डाची ६ अधिक २ अशी. दोन्ही आठ पिनांच्याच, पण अदलाबदल करायची नाही. आणि बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी कॅबिनेटच्या मागे पोर्टांभोवती येणारी पत्र्याची पट्टी बसव, ती विसरली की सगळं पुन्हा काढावं लागतं.

पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीन मिनिटभर काळी राहिली तर घाबरू नकोस, बोर्ड रॅम ओळखत असतो. मग बायोसमध्ये जा. एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर पडून राहील आणि त्या दोन काड्यांचे पैसे अर्धे फुकट. एफटीपीएम (प्रोसेसरमधलं टीपीएम) चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, सिक्युअर बूट चालू. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून विंडोज उतरव. परवान्याचे पैसे वेगळे काढून ठेव आणि दुकानदार "फ्री में डाल देता हूं" म्हणाला तर नको म्हण.

कार्डाची वेळ येईल तेव्हा दोन गोष्टी लक्षात असू देत. ५६००जी कार्डाला पीसीआयई ३.० च (कार्डाच्या जोडणीची जुनी, कमी वेगाची पिढी) देतो. आरएक्स ६६०० ला त्याने थोडाच फरक पडतो, पण आरएक्स ६५०० एक्सटी चार लेनचंच (माहितीच्या चारच वाटांचं) असल्याने या प्रोसेसरवर चांगलंच मार खातं. ते स्वस्त दिसलं तरी टाळ. दुसरं, जुन्या बाजारात आरएक्स ५८० फार मिळतं. त्याची २०४८एसपी नावाची आवृत्ती मूळ कार्डाहून कमी ताकदीची आहे, मूळ कार्डात २३०४ छोटे प्रोसेसर असतात, हिच्यात २०४८. जीपीयू-झेड या कार्ड तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आता सिल्व्हर मॉलला जाऊन नवं कोटेशन आण. प्रत्येक भागाची कंपनी आणि मॉडेल पूर्ण लिहून घे, एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो काढ आणि पैसे देण्याआधी मला पाठव. त्या आठवड्याच्या भावात काही खटकलं तर लगेच कळवेन.